बसवजयंतीच्या आत भिंत

सुदर्शन सरांनी आमच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. शेजारचे मकबूलभाई टेलर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "क्या साब, प्रमोशन झालं का?" मी म्हणालो, "प्रमोशनचं काय घेऊन बसलात, भाडेकरू गेला!" त्यावर त्यांनी न विचारता दुसरा पेढा उचलला. तो त्यांचा हक्कच होता. सरांची फिजिक्सची शिकवणी माझ्या डोक्यावर आणि त्यांच्या भिंतीला लागून चालायची.

लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या गच्च्यासुद्धा रिकाम्या राहिल्या नाहीत. उमरी, किनवट, कुठून कुठून पोरं यायची. (आमचे स्वतःचे चिरंजीव मात्र शिकायला नांदेडला. "लातूरला फार गर्दी आहे, पप्पा," म्हणाले. यावर बापानं काय बोलावं?) सरांनी खोल्या घेतल्या तेव्हा "मी एकटा जीव, मी आणि माझी पुस्तकं" असं सांगितलं होतं. महिन्याभरात त्या एकट्या जिवाच्या साठ-सत्तर सायकली माझ्या फाटकात उभ्या राहिल्या. स्कूटर बाहेर काढायची तर आधी भावी डॉक्टरांच्या सायकली उचलून बाजूला लावायच्या. एकदा पाण्याची टाकी बघायला मी जिना चढत होतो, तर पायरीवर बसलेल्या सरांच्या शिपायानं मला अडवून विचारलं, "काका, कोणती बॅच?" माझ्या घरात! माझ्या जिन्यात! पिकल्या केसांच्या माणसाला! मी तणतणत वर गेलो तर दाराला पडदा, आणि आतून सरांचा आवाज, "लेक्चर चालू आहे, नंतर या." मी खाली आलो. अधूनमधून वरून ठोकल्याचे आवाज यायचे, त्याबद्दल विचारलं की सर म्हणायचे, "प्रॅक्टिकल आहे."

पण पेढे काही सायकली गेल्याच्या आनंदात वाटले नव्हते. ते साखरासाठी होते.

साखरा म्हणजे आमची मंडळी. भूकंपात तिची थोरली बहीण दगडमातीच्या घराखाली गेली. तेव्हापासून साखरा स्लॅबखाली झोपत नाही. झोपत नाही म्हणजे बसतही नाही, उभीही राहत नाही. त्या वर्षी सगळ्यांनीच अंगणात पत्र्याच्या खोल्या ठोकल्या होत्या, आम्हीही ठोकली. पुढं सगळे आपापल्या घरात गेले, आणि साखरा सात वर्षं तिथंच राहिली. चूल तिथं, देव तिथं, बाज तिथं. घरातलं काही लागलं तर उंबऱ्याबाहेर उभी राहून मला सांगणार, "वरच्या फळीवर, मोहरीच्या मागं, हिंगाची डबी." दोन मजली घर बांधून मी त्यात एकटा राहतो, आणि कोणती डाळ कोणत्या डब्यात आहे हे आमच्या कार्यालयातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. मी समजावलं, ओरडलो, अबोला धरला. ती म्हणायची, "वरडा की. मला हितूनबी ऐकू येतं."

त्यात ही शिकवणी. वर्ग सुटला की पोरं एकदम उठायची, बाकडी सरकायची, घर असं घुमायचं की साखरा पत्र्याच्या खोलीतून थेट रस्त्यावर. शेवटी एकदा तिनं आपण होऊन शब्द दिला, "ते वरचं पोरांचं लटांबर जाऊ द्या. मंग म्या आत येऊन बघते." त्यामुळे सर गेले म्हणजे साखरा आत येणार, असा माझा सरळ हिशेब होता. तिनं मुहूर्तही काढला. "बसवजयंतीला माझी बाज आत टाका. दाराजवळ. लई आत नको." महिनाभरावर होती बसवजयंती. मला पेढे वाटावेसे वाटले यात काय चुकलं?

पेढे वाटून झाल्यावर मी खोल्या बघायला वर गेलो. दार उघडलं आणि थबकलो. काहीतरी नव्हतं. माणसाची छत्री हरवते, किल्ल्या हरवतात, ते चटकन लक्षात येतं. पण सवयीची एवढी मोठी वस्तू नसली की डोळे आधी विश्वासच ठेवत नाहीत. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेलो, आणि मध्ये मला कुणी अडवलं नाही, तेव्हा उजेड पडला. दोन खोल्यांच्या मधली भिंत नव्हती. दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, परत मिळाली एक.

बाकीचं नुकसान मग किरकोळच म्हणायचं. खिळे, खुंट्या, खडूनं तुंबलेलं बेसिन, वाकलेले गज. भिंतींवर खिळ्यानं कोरलेली सूत्रं, आणि एका कोपऱ्यात, "देवा, या वेळेस तरी." समोर विटांचा चांगला वीतभर उंच ओटा, त्याच्यावर भिंतीत बसवलेली कडप्प्याची काळी फरशी, तोच सरांचा फळा. हे सगळं मी सोसलं असतं. पण वर बघितलं, तर जिथं भिंत होती त्याच रेषेत स्लॅबला एक बारीक तडा गेलेला. लातुरात तडा हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि खाली आलो तर साखरा अंगणातून विचारते, "कसं हाय वर?"

"एकदम मोकळं," मी म्हणालो. खोटं तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या नव्या जागेत गेलो. तीन मजली इमारत, बाहेर फलक, आत गार हवा. सर अत्यंत नम्र माणूस. असल्या माणसाशी भांडता येत नाही, आपलंच तोंड दुखतं.

"भिंत?" सर म्हणाले. "काका, मी भिंत काढली नाही. ती हळूहळू गेली."

पहिल्या वर्षी म्हणे मागच्या खोलीतल्या पोरांना फळा दिसेना, म्हणून एक खिडकी पाडली. दुसऱ्या वर्षी पोरं वाढली, तेव्हा खिडकीचा दरवाजा झाला. तिसऱ्या वर्षी दरवाजा रुंद झाला. "मग राहिलेला तुकडा फारच विचित्र दिसायला लागला. पोरांनी एका रविवारी तोही उतरवला."

"आणि विटा?"

"विटा तुमच्याच घरात आहेत की! ओटा त्याचाच आहे. भिंत कुठंही गेली नाही काका, फक्त आडवी झाली."

मी तड्याचं बोललो. तर त्यांनी खडू उचलला, फळ्यावर माझं घर काढलं, त्याला चारी बाजूंनी बाण लावले आणि वीस मिनिटं मला शिकवलं. वर्गातली पोरं वह्या काढून उतरून घेत होती. माझ्या घराचं उदाहरण परीक्षेला येणार असं त्यांना वाटलं असावं. शेवटी "समजलं ना?" असं त्यांनी विचारलं आणि, मला सांगायला लाज वाटते, मी "हो सर" म्हणालो. निघताना हातात प्रवेशाचं पत्रक दिलं. "चिरंजीव पुन्हा परीक्षेला बसणार असतील तर सांगा, आपल्यातलेच आहात." रस्त्यावर आल्यावर मला इतका संताप आला की मी ते पत्रक फाडून टाकलं, आणि मग तुकडे गोळा करून खिशात घातले, कारण समोर कचरा न टाकण्याची पाटी होती.

आता काय करायचं? साखराला कळलं की वरची भिंत गेली आणि स्लॅबला तडा आहे, तर ती या जन्मात आत येत नाही. म्हणजे बसवजयंतीच्या आत, तिच्या नकळत, माझ्याच घरात मला भिंत बांधायची होती. आणि ती तर अंगणात बसलेली, जिन्याकडं तोंड करून.

ही गोष्ट मी कुणालाही सांगायची नाही असं ठरवलं आणि फक्त मकबूलभाईंना सांगितली. त्यांनी फक्त घरी, फरीदाभाभींना सांगितली. समोरचे शेषेराव, निवृत्त तलाठी, त्यांना कुणीच सांगितली नाही, तरी संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर हजर. हळू आवाजात म्हणाले, "शिवमूर्ती, ऐकलं ते खरं हाय का?" तीन दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक, साखरा सोडून.

सल्ल्यांना मग तोटा राहिला नाही. शेषेरावांचं मत, वरचा स्लॅबच काढून टाकावा. "न रहेगा स्लॅब, न रहेगा तडा. पत्रे टाका. म्हशींनासुद्धा पत्रा मानवतो." मी म्हणालो, "मला म्हशी ठेवायच्या नाहीत." मकबूलभाई टेप घेऊनच आले. "साब, भिंतीला पंधरा दिवस लागतील. मैं परदा सिलाके देता. जाड कापड, चुन्याच्या रंगाचं. भाभी वर कशाला येतात? आन आल्या तरी लांबून भिंतच वाटंल." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी माप घेऊनही टाकलं. वाऱ्यानं भिंत हलली तर साखराचं काय होईल, एवढंच मी त्यांना विचारलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "खाली वजन शिवतो."

निदान टेकू तरी लावा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. साखरा भाजीला गेली तेवढ्या वेळात आम्ही चार लाकडी बल्ल्या वर चढवून तड्याखाली ठोकल्या. शेषेराव खाली पहाऱ्याला उभे होते. ती लवकर परत आली तर त्यांनी खोकायचं, असं ठरलं होतं. पण त्यांना मुळातच दमा, ते सारखेच खोकत होते, आणि दर खोकल्याला आम्ही बल्ली खाली ठेवून गॅलरीत येऊन डोकावत होतो.

परवानगी हवी, हेही शेषेरावांचंच. "भूकंपानंतर नियम लई कडक झालेत. कागूद करून ठेवा." मी स्वतः सरकारी माणूस, कागदावर माझी श्रद्धा. गेलो एका कार्यालयात. कुठल्या ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे.

"भिंत बांधायची परवानगी पाहिजे," मी म्हणालो.

"आधीची भिंत पाडायची परवानगी आहे का?" टेबलामागचे गृहस्थ.

"मी पाडलीच नाही."

"मग भिंत आहे."

"नाही ना!"

"मग पाडली. आधी पाडायच्या परवानगीचा अर्ज करा. साहेब जागेवर येऊन भिंत बघतील, मग परवानगी देतील."

"अहो, भिंत नाहीच तर साहेब बघतील काय?"

"म्हणूनच सांगतो. आधी बांधून घ्या. बिनपरवाना बांधली की नोटीस निघेल. नोटीस निघाली की तुमची फाइल तयार झाली. फाइल झाली म्हणजे पुढं काहीच अडचण नाही."

मला राग आला. पण खरं सांगतो, एक मन म्हणत होतं, वा! इतक्या वर्षांच्या नोकरीत असं चोख उत्तर आपल्याला कधी सुचलं नाही.

मग मी निलंग्याहून रेवणप्पा मिस्त्रीला आणलं. लातूरचा मिस्त्री आणला असता तर साखरानं ओळखला असता. रेवणप्पाला बजावलं, "आवाज होता कामा नये. काम गुपचूप." तो म्हणाला, "गुपचूप भिंत? एन माडोदू साहेब, काय करायचं, करू." आणि त्या क्षणापासून त्यानं कुजबुजायला सुरुवात केली. पण रेवणप्पाची कुजबूज अशी की मकबूलभाईंच्या दुकानात मशीन बंद करून लोक ऐकत. "साहेऽब, सिमीट संपलं!" मी हातानं त्याचं तोंड दाबायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

ओटा फोडून निघालेल्या विटा भिंतीला पुरेनात. बाकीच्या आणायच्या कशा? पोत्यात भरून. साखरा पत्र्याच्या दारात तांदूळ निवडत बसलेली, आणि तिच्यासमोरून हमाल वाकून वाकून पोती वर नेतायत.

"एवढं काय चाललंय वर?"

"ज्वारी," मी म्हणालो. "नवा भाडेकरू मेस काढणार आहे."

"मेसवाला? आन एवढी ज्वारी आत्ताच?"

"त्याला स्वस्तात मिळाली."

तिनं जरा वेळ पोत्यांकडं बघितलं. "मंग त्याच्याकडून पायलीभर मागून घ्या. आपली सरत आलीय. दाणा कसा हाय ते बघून आणा." मी त्या उन्हात अडत बाजारात जाऊन ज्वारी आणली, वर नेली, आणि वरून खाली आणून तिच्या हातात दिली. तिनं मूठभर दाणे तळहातावर घेतले. "झ्याक हाय," म्हणाली. "माणूस चांगला दिसतोय. ह्याला र्‍हाऊ द्या." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गंमत वाटेल तुम्हाला, पण मला गंमत वाटत नव्हती. कारण इकडं मी चोरून भिंत बांधत होतो, आणि तिकडं साखरा आत यायची तयारी करत होती. गोधड्या धुतल्या, बाजेची सुंभं आवळून घेतली. आणि रोज दुपारी, गल्लीत कुणी नसताना, ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहायची. एके दिवशी एक पाय आत टाकला. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाकले आणि लगेच मागं झाली. मी खिडकीतून बघत होतो, तिला कळू न देता. मे महिन्यात पत्र्याखाली तापून तापून तिच्या हातांवर घामोळ्यानं लाल चट्टे आलेले. तरी आत यायला तिला केवढं बळ लागत होतं! मला कुणी सांगितलं असतं की ती भिंत दातांनी बांध, तर मी बांधली असती.

मग एका दुपारी ती खरंच आत आली. बैठकीच्या मधोमध उभी राहिली, पदर घट्ट धरून, आणि मान वर करून छताकडं बघितलं. तेवढ्यात वरून आवाज, टक्, टक्, टक्. रेवणप्पाची थापी.

"वर कोण हाय?"

"उंदीर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई, उंदीर असा ठोकत न्हाई," एवढंच म्हणाली आणि उलट्या पावली बाहेर गेली. पुढचे चार दिवस ती उंबऱ्याजवळ आली नाही. मी वर जाऊन रेवणप्पाला इतकं बोललो की तो कुजबुजायचासुद्धा बंद झाला. फरीदाभाभी मला फाटकात म्हणाल्या, "भाईसाब, बता दो ना उनको. किती दिवस लपवणार?" मी म्हणालो, "भिंत होऊ द्या भाभी, बसवजयंतीपर्यंत. मग मीच सांगतो." खरं तर कधीच सांगणार नव्हतो.

बसवजयंतीच्या आदल्या दिवशी भिंत छताच्या हातभर खाली येऊन पोचली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर उभा होतो. दुपारचं ऊन, गल्ली शांत. विटा परत कमी पडल्या. रेवणप्पानं ती फळ्याची कडप्प्याची फरशी मोकळी केली, मागच्या विटा चांगल्या निघतील म्हणून, आणि ती आपल्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हणालो, "अहो, आडवी ठेवा." तो पहिल्यांदाच खऱ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "काई होत न्हाई!"

फरशी सरळ पालथी पडली. आवाज कसला, सबंध घर पायाखाली दणाणलं. खिडक्या खडखडल्या, टेकूची एक बल्ली निसटून घरंगळली.

आणि गल्ली बाहेर पडली. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. भूकंपापासून ठरलेलंच आहे: काही हाललं की आधी बाहेर, हापशाजवळ जमायचं, आणि शेषेरावांनी घरोघरचं नाव घेऊन माणसं बघायची. मी गॅलरीत धावलो. मकबूलभाई गळ्यात टेप, हातात कुणाचा तरी बाही नसलेला ब्लाउज. फरीदाभाभींच्या हातात कणकेची परात. शेषेराव नुसत्या टॉवेलवर, पण आवाज करारी. मी वरून दोन्ही हात हलवून ओरडलो, "काही नाही झालं! फरशी पडली! फरशी!" ऐकतो कोण? त्या घटकेला माणसं फक्त माणसं मोजतात.

"शिवमूर्ती वर दिसतोय!" शेषेराव ओरडले. "साखराबाई? साखराबाई कुठं हाय?"

साखरा नेहमी सगळ्यांच्या आधी हापशावर असते. मी वाकून पत्र्याच्या खोलीकडं बघितलं. दार सताड उघडं, तव्यावर भाकरी, आणि आत कुणी नाही. अंगणात नाही, फाटकात नाही. साखरा! मी हाका मारायला लागलो, आणि गल्लीही हाका मारायला लागली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अनवाणी, धपधप, पडत-सावरत.

ती वर आली. पदर खाली लोंबतोय, कोपरापर्यंत पीठ. तिनं छताकडं बघितलं नाही, बल्ल्यांकडं बघितलं नाही, समोर छताला भिडत आलेली भिंत उभी होती तिच्याकडंही बघितलं नाही. सरळ येऊन माझ्या शर्टाची बाही पिठाच्या हातानं धरली.

"चला!"

"अगं, काही नाही, नुसती फरशी..."

"चला म्हणते ना!"

एवढीशी बाई, पण मला तिनं फरफटत नेलं. जिन्यावरून खाली, अंगण ओलांडून थेट हापशापर्यंत. वाटेत माझी एक चप्पल गेली. तिथं पोचल्यावरच थांबली. बाही सोडली नाही.

"शिवमूर्ती, हाय," शेषेराव म्हणाले. "साखराबाई, हाय."

वर गॅलरीत रेवणप्पा आला आणि आनंदानं ओरडला, "साहेब! फरशी फुटली न्हाई!"

साखरानं वळून घराकडं बघितलं. "म्या वर गेलते?" तिनं विचारलं.

"हौ भाभी," फरीदाभाभी म्हणाल्या. "जिना चढून गेलात तुमी. सबने देखा."

ती हापशाच्या कट्ट्यावर बसली आणि रडायला लागली. सात वर्षांत ती अशी रडली नव्हती. "अक्काला काढायला कुणी गेलं न्हाई हो," म्हणाली. "एक जण तरी जायला पायजे हुतं." फरीदाभाभी परात खाली ठेवून तिच्याजवळ बसल्या. आम्ही पुरुष मंडळी मूर्खासारखी उभी होतो, मकबूलभाईंनी तर हातातल्या ब्लाउजनंच डोळे पुसले.

मग डोळे कोरडे करून तिनं माझ्याकडं बघितलं. मी ओळखलं, आता वेळ आली.

"ती भिंत कशाची?"

मी सगळं सांगितलं. सर, खिडकी, तडा, टेकू, पोती. ज्वारीचं सांगताना मान वर झाली नाही.

"मला सांगायचं न्हाई?"

"तू आत आली नसतीस."

"न्हाईच आले असते!"

"मग?"

"मंग काय मंग! आले न्हाई का आता?" ती इतकी ओरडली की शेषेरावांचा टॉवेल सुटता सुटता राहिला. "साऱ्या गल्लीला ठावं आन मला उंदीर म्हनून सांगता? लाज न्हाई वाटली? आन ती ज्वारी? ती कुठून आनली?"

"अडत बाजारातून."

"उन्हाचं?"

मी मान हलवली. ती उठली, आणि फाटकातून आत जाता जाता म्हणाली, "बाज आना."

"उद्या बसवजयंती आहे. उद्याच टाकू, भिंतीचे चार थर राहिलेत, पुरी झाली की..."

"आज आना. उद्यापातूर माझी मला खात्री न्हाई."

मकबूलभाईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. बाज बैठकीत टाकली, दाराजवळ, ती म्हणाली होती तशी. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती, ती फरीदाभाभींनी उतरवली. साखरा बाजेवर दाराकडं तोंड करून आडवी झाली. डोळे मिटले नाहीत. परत माझी तीच बाही धरली, पिठाची.

"बसा हितं. हालू नका."

मी बाजेला टेकून खाली फरशीवर बसलो. गल्ली हळूहळू घरी गेली. घरात इतकं शांत होतं की तिचा श्वास ऐकू येत होता, छोटा छोटा. मग वर रेवणप्पानं थापी उचलली. टक्, टक्. तिची मूठ आवळली, बाहीची शिवण उसवल्याचं मला ऐकू आलं.

ज्या भिंतीसाठी महिनाभर मी खोटं बोललो, उन्हातान्हात फिरलो, सगळ्या गल्लीला चोर केलं, ती भिंत पुरी व्हायला दोन तास पुरले असते. मी बसल्या जागेवरून जीव खाऊन ओरडलो, "रेवणप्पा! काम बंद! घरी जा!"

"चारच थर र्‍हायलेत, साहेब!"

"राहू द्या!"

तो बराच वेळ कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत जिना उतरला आणि आमच्याकडं न बघता फाटकातून गेला. साखराचे डोळे अजून उघडेच होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या, अनवाणी पायाला फरशी गार लागत होती, आणि बाहेर शेषेराव कुणाला तरी सांगत होते की स्लॅब काढून पत्रेच टाकायला पाहिजे होते. मूठ जरा सैल झाली होती, पण मी हात ओढून घेतला नाही.